मूळपुरुषवाले काका

आमच्या काकांची वंशावळ एका पीव्हीसी पाइपमध्ये राहते. पाइप चार इंची, दोन्ही टोकांना झाकणं, खांद्याला अडकवायला जुन्या बॅगेचा पट्टा. आत चार्टपेपरचे ताव एकाला एक चिकटवून केलेली गुंडाळी. ती पुरती उलगडायची तर डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंतची सगळी दारं उघडी ठेवावी लागतात. कोकण रेल्वेत बर्थवर आधी पाइप झोपतो, उरलेल्या जागेत काका. एकदा ते गाडी करून आले, तेव्हा हद्दीवरच्या नाक्यावर हवालदारानं पाइप उघडायला लावला. गोव्यातून बाहेर दारू नेणारे त्यानं नोकरीभर पाहिले होते. बाहेरून गोव्यात आणणारा पहिलाच भेटला, या कुतूहलानं त्यानं झाकण फिरवलं आणि आमचे पूर्वज बाहेर आले. काकांनी बॉनेटवरच कागद पसरला आणि बोट ठेवून सुरुवात केली. मागे ट्रकांची रांग लागली. शेवटी हवालदारानंच हात जोडले. जाताना मात्र खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "आमचें घराणें पेडण्याचें. कांय मेळ्ळें जाल्यार सांगात."

काकांसारखी माणसं हल्ली वाढली आहेत. बँकेतून, रेल्वेतून किंवा मंत्रालयातून निवृत्त व्हायचं, गुडघे तपासून घ्यायचे, आणि आडनावाच्या टोकाला असलेला 'कर' धरून गोव्याकडे सुटायचं. पेडणेकर पेडण्याला उतरतात, मयेकर मयेला, पिळगावकर पिळगावला, साखळकर साखळीला. मांद्रेकर, मोरजकर, हरमलकर, कोरगावकर, पार्सेकर कदंबच्या बसमधून आपापल्या थांब्यावर. हाल होतात ते केरकरांचे. केरी नावाचं गाव पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे, आणि ही तिन्ही गावं तीन दिशांना. गिरगावातले एक केरकर पेडण्याच्या केरीला गेले. तिथे ग्रामदेवाचं नावच आजोबा. म्हणजे शंकेला जागाच उरली नाही. नारळ ठेवला, डोळे पुसले, पायरीजवळची माती पुडीत बांधून घरी नेली. पुढे आत्याकडून कळलं की आपण फोंड्याच्या केरीचे. माती त्यांनी टाकलेली नाही. पेडण्याची का होईना, केरीची आहे, असं ते म्हणतात.

मी डिचोलीत राहतो. काकांचा मी चुलत-चुलत पुतण्या. पण ते नातं ते असं सांगत नाहीत. देवळात, कचेरीत, चहाच्या टपरीवर कोणीही भेटलं की माझ्याकडे बोट करून म्हणतात, "हा अकरा-क." ते स्वतः दहा-अ. मे महिना आणि नाताळ या त्यांच्या गोव्यातल्या वाऱ्या, आणि सारथ्य अकरा-ककडे.

काकांना शोध आहे मूळपुरुषाचा. त्याच्याबद्दल सगळी माहिती त्यांच्याकडे आधीपासूनच आहे. पुरावा तेवढा मिळायचा आहे. मूळपुरुष देखणा होता. कदंबांच्या नाही तर गेला बाजार आदिलशहाच्या दरबारी त्याचं वजन होतं. पोर्तुगीज गावात शिरले त्या अमावास्येच्या रात्री त्यानं कुलदेवतेची मूर्ती टोपलीत घातली, टोपली डोक्यावर घेतली, आणि नदी ओलांडून तो पलीकडच्या मुलखात गेला. त्याला दोन भाऊ होते. एक कारवारकडे गेला, दुसऱ्याचं पुढे काय झालं ते माहीत नाही. हा दुसरा भाऊ गोव्यातल्या प्रत्येक वंशावळीत असतो आणि प्रत्येक वंशावळीत तो गप्प असतो.

गोष्टीत इतिहास आहेच, तो काही काकांनी रचलेला नाही. १५१० मध्ये आल्बुकेर्कनं गोवा बेट घेतलं, १५४३ मध्ये बार्देश आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १५४० पासून पुढच्या तीसेक वर्षांत तिथली देवळं पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं. देवांना नदी ओलांडण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. शापोरा नदीपलीकडे पेडणे, मांडवीपलीकडे डिचोली. तिथे पोर्तुगीजांचा हुकूम चालत नव्हता. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्याला आला. त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला. चोडणचा देवकीकृष्ण आधी मयेला आला आणि मग माशेलला गेला. बार्देशातल्या सांगोल्ड्याची शांतादुर्गा पेडण्यातल्या धारगळला आली, आणि तीच आमची. आज दिवाडीहून नार्व्याला फेरीबोटीनं यायचं तर चण्याची पुडी संपायच्या आत पलीकडचा धक्का लागतो. एवढ्या पाण्यानं देव वाचले. पोर्तुगीजही पुढे नदी ओलांडून आलेच, डिचोलीत १७८१ मध्ये आणि पेडण्यात १७८८ मध्ये; पण तोवर देवळं पाडण्याची त्यांची हौस फिटली होती, आणि या नव्या मुलखातल्या लोकांचे धर्म नि रीतिरिवाज चालू देऊ असं त्यांनी कबूल केलं.

अडचण एवढीच आहे की मूर्ती डोक्यावरून आणल्याची गोष्ट देवळाच्या प्रत्येक महाजनाच्या, म्हणजे वंशपरंपरागत सभासदाच्या, घरात आहे. धारगळला जत्रेच्या दिवशी मंडपात बसलं की जेवणाच्या पंगतीत डावीकडचाही तेच सांगतो आणि उजवीकडचाही. देवी एक, रात्र एक, टोपली एक. डोकी मात्र मोजता येत नाहीत. काकांना हे मांडून दाखवलं तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की बाकीची मंडळी टोपलीच्या मागे चालत असणार.

काकांचा शोध सुरू होतो तो देवळापासून, आणि पहिल्याच पायरीवर अडतो. मुंबईहून आलेला पांढऱ्या केसांचा माणूस, हातात कागद, तोंडात "आमचे खापरपणजोबा इथले" हे वाक्य, म्हणजे गावात एकच अर्थ होतो: हिस्सा मागायला आलाय. आणि गावाचं चूक नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. त्यात मुलीही वारस, त्यांची मुलंही वारस. म्हणून एकेका घराला इतके मालक असतात की कौलं बदलायची तर लिस्बनपासून लालबागपर्यंत सह्या गोळा कराव्या लागतात. त्यात मोप्याला विमानतळ झाला. २०२३ च्या जानेवारीत विमानं उडू लागली आणि पेडण्यातल्या ज्या माळावर पूर्वी काजूच्या बियांवरून भांडणं होत त्या माळाचे भाव काढायला दिल्लीहून दलाल येऊ लागले. अशा दिवसांत काका धारगळच्या एका वाड्यात शिरून विचारतात, "आपण एकाच रक्ताचे, नाही का?" घरातल्या वहिनी चहा ठेवायच्या आधी वकिलाला फोन लावतात.

काका खुलासा करतात. "मला जमीन नको, मला फक्त मूळपुरुष हवाय." यानं संशय दुणावतो. जमीन मागणारा माणूस निदान सरळ असतो.

मामलेदार कचेरीत जावं तर तिथे वेगळं नाटक. गोव्यातल्या देवस्थानांचा कारभार १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीनं चालतो; प्रत्येक देवस्थानच्या महाजनांची यादी असते, तिला अजून सगळे कातालोग म्हणतात, आणि वर देखरेख मामलेदाराची. काकांना कातालोगमध्ये आजोबांचं नाव मिळालं. तो दिवस त्यांनी सणासारखा घालवला. डिचोलीच्या बाजारात उभं राहून मिरची भजी खाल्ली, जी डॉक्टरनं बंद केली होती. पण कातालोग आजोबांच्या वर जाईना. नागरी नोंदणीत गेलो. ती १९१४ पासूनची. पोर्तुगीज अक्षरातली जाडजूड पुस्तकं. तिथे रांगेत उभी असलेली सगळी तरुण मुलं. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं, आणि त्या रांगेत प्रत्येकाच्या हाती कुठल्या तरी मेलेल्या आजोबाचा जन्मदाखला होता. आपला मूळपुरुष इतका उपयोगी पडू शकतो हे काकांना नवीन होतं. पुढच्या पोरानं मागे वळून आपुलकीनं विचारलं, "अंकल, इंग्लंडला? स्विंडन?"

"नाही," काका म्हणाले, "सांगोल्डा."

पोरानं काकांकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू विमानाचं तिकीट काढून कोणी बसथांब्यावर उभं आहे.

कागद संपले तेव्हा काकांनी देवाला विचारायचं ठरवलं. आमच्याकडे प्रसाद लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डिचोली तालुक्यातल्या एका देवळात भटजींनी पाकळ्या लावल्या आणि प्रश्न विचारायला सांगितलं. काकांनी खिशातून कागद काढला. पहिला प्रश्न: "मूळपुरुष कदंबांच्या दरबारी मंत्रिपदावर होता, की केवळ सल्लागार होता?"

भटजी म्हणाले, "देवी होय-ना सांगता. अर्धें-अर्धें ना."

प्रश्न सुधारला. मंत्री होता काय? पाकळ्या हलेनात. अर्धा तास गेला. बाहेर एक बाई हरवलेल्या म्हशीचा प्रसाद लावायला आली होती, तिच्यामागे मुंबईला ऑपरेशन करायचं की बांबोळीला, हे विचारणारं एक जोडपं, त्यांच्यामागे कोर्टाची तारीख असलेले दोघे. सगळे काकांच्या कदंबांमुळे खोळंबले. भटजींनी परत गाऱ्हाणं घातलं, मागे उभ्या असलेल्यांनी घाईघाईनं "व्हय म्हाराजा" म्हटलं, त्या बाईचं सगळ्यांत मोठ्यानं. देवी विचारात पडलेली. तेवढ्यात गेलेली वीज आली, गाभाऱ्याबाहेरचा पंखा फिरू लागला आणि उजवी पाकळी टपकन पडली. काकांनी वहीत तारीख-वेळेसह नोंद केली: "देवीचा कौल, उजवा." पंख्याची नोंद केली नाही.

नाताळच्या एका वारीत आम्ही हरमलला चहाला थांबलो होतो. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या एका वयस्कर जर्मन गृहस्थाचं लक्ष पाइपकडे गेलं. हरमलला लोक नाना तऱ्हेची वाद्यं घेऊन येतात. त्याला वाटलं हे आपलं कोकणातलं काहीतरी फुंकायचं. वाजवून दाखवा म्हणाला. काकांनी वंशावळ काढून दाखवली, आणि त्या माणसाचा चेहरा असा उजळला की विचारू नका. तोही त्यातलाच! निवृत्तीनंतर त्यानं खेडोपाडी फिरून जुनी चर्चं पालथी घातली होती. बाप्तिस्मा, लग्न, दफन, तिन्हींच्या वह्या गावोगाव. तीस वर्षांच्या युद्धात, म्हणजे १६१८ ते १६४८ मध्ये, पुष्कळ जळाल्या, पण त्यानंतरच्या बऱ्याच ठिकाणी सलग आहेत. सगळ्या जर्मनीत सरकारी नोंदणी आली ती १८७६ मध्ये. त्याआधी माणूस जन्मला की नाही हे पाद्रीबाबाच जाणे. त्यानं मोबाइलवर पानं दाखवली, वेड्यावाकड्या जुन्या अक्षरांची.

"कोण होते तुमचे पूर्वज?" काकांनी आदरानं विचारलं.

मेंढपाळ, तो म्हणाला. मग चांभार. मग परत मेंढपाळ. एक गावाचा रात्रीचा पहारेकरी. हे सांगताना तो इतका खूश होता की काकांना आपण नीट ऐकलं की नाही अशी शंका आली. राजघराण्याशी काही संबंध? होता की! एकानं राजाच्या जंगलात ससा मारला होता. आणि ही नोंद बघा, म्हणून त्यानं मोबाइल उलटा धरला. पान उलटं नव्हतं, एक नोंदच उलटी लिहिलेली होती. मुलाला बाप नसला की काही पाद्री ती नोंद वहीत उलटी लिहीत. "माझी पणजी हिच्यापासून," तो हसत म्हणाला. काकांनी चटकन आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

मग त्यानं एक गोष्ट हसू आवरून सांगितली. त्यांच्या घरातला पहिला तक्ता त्यानं केलेला नव्हता, आजोबांनी केला होता, १९३० नंतरच्या दशकात, आणि हौसेनं नव्हे. हिटलरच्या राज्यात सरकारी नोकरी टिकवायची तर आजी-आजोबांपर्यंत घरात कोणी ज्यू नाही हे चर्चच्या दाखल्यांनी सिद्ध करावं लागे. देशभर लोक दाखल्यांसाठी पाद्र्यांच्या दारात उभे राहत. ज्यांच्या दाखल्यात चुकीची आजी निघाली त्यांचं काय झालं ते जगाला माहीत आहे. "वह्या याच," तो म्हणाला, "शाईसुद्धा हीच."

काका बराच वेळ बोलले नाहीत. आमच्याकडेही मूळपुरुष शोधणारा बहुतेक वेळा जातीची पायरी शोधत असतो, आणि खालची निघाली तर कागद परत ट्रंकेत जातो; हे काकांना ठाऊक नाही असं नाही. पण गाडी मांद्रे ओलांडून पुढे आली तेव्हा त्यांच्या मनातलं बाहेर पडलं. "पण मेंढपाळ? इतक्या पिढ्यांत एक कारभारी नाही? निदान एक मुनीम?"

काकांचा स्वतःचा कागद शेवटी मिळाला तो एका ट्रंकेत. पेडण्यातल्या एका महाजनाच्या घरी देवस्थानच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या होत्या, मोडीत. मोडी वाचणारे शोधत आम्ही बांदा ओलांडून सावंतवाडीपर्यंत गेलो. एका निवृत्त शिक्षकांनी चष्मा पुसला, पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नाव आमच्याच घराण्यातलं, बापाचं नाव जुळत होतं, वंशावळीतला तो सहा-अ. काकांनी डोळे मिटले. शिक्षकांनी वाचलं: याची म्हैस देवीच्या कुळागरात शिरली, केळी खाल्ल्या, दंड घेतला.

"आणखी?" काकांनी विचारलं.

पुढच्या सालीही तीच म्हैस. दंड वाढवला.

ज्या घराण्यानं देवीला डोक्यावरून आणलं, त्या घराण्याचा देवस्थानच्या दप्तरातला एकमेव उल्लेख देवीच्या केळी खाल्ल्याचा आहे. मला तो अतोनात आवडला. इतक्या पूर्वजांत हा एकच मला माणूस म्हणून दिसतो: पहाटे उठून पाहतो तो दावं तुटलेलं, आणि कुळागराकडून ओरडा ऐकू येतोय. काकांनी त्यावर रात्रभर विचार केला आणि सकाळी चहाच्या वेळी निष्कर्ष सांगितला. "म्हैस होती, म्हणजे घर खातंपितं होतं. आणि दोनदा दंड भरला, म्हणजे ऐपत होती." वंशावळीत सहा-अच्या पुढे त्यांनी लिहिलं: 'पशुधनसंपन्न.'

खरा तपशील मात्र पलीकडच्या काठावर होता, आणि तिकडे जायला काका तयार नव्हते. सांगोल्डा बार्देशात. जे नदी ओलांडून आले ते आमचे. जे राहिले ते राहिले, आणि बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. तो जो वंशावळीतला गप्प असलेला दुसरा भाऊ, तो हाच, हे गोव्यात शेंबड्या पोरालाही समजतं. पण काकांनी त्याला 'निर्वंश' लिहून मोकळं केलं होतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेनं बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या ठेवायचा नियम केला, तो गोव्यातही आला. जुन्यांपैकी बऱ्याच वह्या पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. ते दप्तर १५९५ पासूनचं, त्याचा पहिला रखवालदार इतिहासकार दियोगु दु कोतु, आणि १९३० पासून १९६१ पर्यंत ते सांभाळलं सत्तरीतल्या पिसुर्ल्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी. पिसुर्लेकर हे नाव ऐकून काकांना धीर आला. शेवटी 'कर'च.

तिथल्या वह्यांनी काकांची पार तारांबळ उडवली. बाप्तिस्मा देताना जो धर्मपिता उभा राहील त्याचं आडनाव मिळे. त्यामुळे दोन सख्खे भाऊ एकाच सकाळी चर्चमधून बाहेर पडले ते एक डिसोझा आणि दुसरा मेंडोंसा होऊन. एक झाड हाती घ्यावं तर त्याला चार जातींचे आंबे.

शेवटी काकींनाही बरोबर घेऊन सांगोल्ड्याला आम्ही गेलो तेव्हा एका ओळखीनं एका वृद्ध गृहस्थांच्या घरी पोहोचलो. ओसरीवर सोपो, आत खुर्सासमोर दिवा, आणि यजमान आमच्याहून एक वीत उंच, नाक मात्र हुबेहूब काकांचं. माझ्याआधी ते काकींच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला कोपर मारलं. काकांनी सुरुवातच अशी केली: "तुमचे पूर्वज जेव्हा बाट..." आणि मधेच थांबले. गृहस्थांनी वाक्य पुरं केलं, "बाटले तेन्ना. म्हणात, म्हणात. आमी पयलींच आयकलां." मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि कागदाशिवाय सांगितलं. गावकरीतला, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेतला, आपला वांगड (कूळ) कोणता, त्यात किती घरं होती, कोणती नदीपार गेली, त्या घरांच्या जागा आता कोणाच्या आहेत. गावकरीच्या उत्पन्नातला झोण, म्हणजे वाटा, त्यांना अजून मिळतो. रक्कम किरकोळ, पण तो घ्यायला ते स्वतः कडक इस्त्रीचा शर्ट घालून जातात. धारगळच्या देवीला त्यांच्या घरातून तेल-नारळ जातो. आजीनं सांगून ठेवलंय, ते म्हणाले, आणि आजीला नाही म्हणण्याइतका कुठलाच धर्म मोठा नाही.

काकांनी विचारलंच, "पण तुम्ही राहिलात का?"

गृहस्थांनी फेणीच्या पेल्याकडे पाहत उत्तर दिलं. "तुमी देवीक घेवन गेले. आमी शेत सांबाळ्ळें."

या एका वाक्यात काकांच्या पाइपपेक्षा जास्त इतिहास आहे, असं माझं मत आहे. कोणीतरी देवी घेऊन जायची, कोणीतरी शेत राखायचं. भावाभावांत ते ठरूनच झालं असेल, भांडून झालं असेल, कोण जाणे. पण साडेचारशे-पावणेपाचशे वर्षं दोघांनी आपापली बाजू सांभाळली आहे.

त्यांच्याकडे बाप्तिस्म्याच्या एका नोंदीची नक्कल होती. मुलाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, धर्मपित्याचं, धर्ममातेचं. काकींनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाल्या, "यांच्यात बायकांना नावं असतात वाटतं."

हे बोलणं पाइपला उद्देशून होतं. काकांच्या गुंडाळीत एकाही बाईचं नाव नाही. पुरुषापुढे क्रमांक, आणि बाजूला कंसात 'पत्नी (नाव उपलब्ध नाही)'. काकींचं स्वतःचंसुद्धा नाही. दहा-अच्या पुढे रेघ आहे आणि रेघेपासून मुलं फुटली आहेत. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत, त्यामुळे प्रत्येकीला दोन नावं आणि वंशावळीत एकही नाही. गोव्यात याच्या अगदी उलटही घडलं आहे. देवळांच्या सेवेत असलेल्या घरांत वंश आईच्या नावानं चालला, आणि बाप कोण याबद्दल कागद मुकाट राहिले. त्या समाजातल्या राजाराम पैंगीणकरांनी आत्मचरित्राला 'मी कोण?' असं नाव दिलं. काकांसारखे हौशी लोक तोच प्रश्न चहा पीत पीत विचारतात. पैंगीणकरांना तो विचारायला पुस्तकभर धैर्य लागलं.

परतताना काकींनी म्हापशाला गाडी थांबवायला लावली. मिलाग्रिस सायबिणीला तेल वाहायचं होतं.

"चर्चमध्ये?" काका म्हणाले.

"लईराईची बहीण आहे ती."

काकींचं माहेर कासारपालच्या बाजूचं, कालिकादेवीच्या पंचक्रोशीतलं, त्यामुळे देव्यांची सगळी सोयरीक त्यांना पाठ. त्यांनी मागच्या सीटवरून ती म्हणून दाखवली: शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, म्हापशाची मिराबाई, आणखी दोघी मिळून सात बहिणी नि भाऊ खेतोबा. मिराबाई ख्रिस्ती झाली आणि मिलाग्रिस सायबीण म्हणून ओळखली जाऊ लागली. तरी बहिणीचं नातं तुटलं नाही. सायबिणीच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन रांगेत असतात. डिचोली, पेडणे, बार्देश, तिन्ही तालुक्यांत ही माहेरवाशिणींची वंशावळ लोकांच्या तोंडी आहे. तिला पाइप लागत नाही, आणि तिच्यात कंसातलं कोणी नाही.

काका गाडीतच बसून राहिले. काकी तेल वाहून आल्या तेव्हा त्यांनी गुंडाळीचं वरचं टोक मांडीवर उघडलं होतं. 'निर्वंश' हा शब्द खोडला होता, आणि तिथून एक तुटक रेघ काढून पुढे सांगोल्डा असं लिहिलं होतं. पेन्सिलीनं. शाईनं का नाही, असं मी विचारलं. "अजून पुरावा नाही," ते म्हणाले. नाकाचा पुरावा त्यांना पुरेना. पंख्याचा पुरला होता.

काका हे एकटे नाहीत, हे सुरुवातीलाच सांगितलं. मे उजाडला की पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कुठल्याही गावात असा एखादा पांढऱ्या केसांचा माणूस तुमच्या अंगणात उभा राहील आणि तुमच्या पणजोबांची चौकशी करील. त्याला आधी बसायला सांगा, पाणी द्या, उराक असेल तर उराक द्या. घरात देवस्थानच्या जुन्या वह्या असतील तर दाखवा; वाळवी लागायच्या आधी त्या कोणीतरी वाचलेल्या बऱ्या. बरोबर काकी असतील तर आधी त्यांना विचारा, वेळ वाचेल. वकिलाला फोन करू नका. त्याला जमीन नको आहे, हे मी लेखी द्यायला तयार आहे.